खुडूक कोंबडीची बाजू

अंडी उबवण्याचं यंत्र विकणाऱ्याचा हिशोब कानाला फार गोड लागतो. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग २१ दिवस अंड्यांवरून हलत नाही, आणि पिल्लं निघाली की दोन-अडीच महिने त्यांना घेऊन हिंडते. म्हणजे एका खेपेला तीन-साडेतीन महिने कोंबडी ‘वाया’. वर्षात अशा तीन, फार तर चार खेपा, आणि अंडी जेमतेम पन्नास-साठ. तेव्हा तिच्या पोटाखालची अंडी काढून यंत्रात ठेवा, तिला पाण्यात बुचकळून खोड मोडा, पुन्हा अंड्यावर आणा आणि दुप्पट अंडी घ्या. यंत्रातून ९८ टक्के पिल्लं निघतात, महिन्याला इतके हजार सुटतात. कृषी प्रदर्शनात थर्माकोलच्या पेटीपासून फ्रिजएवढ्या कपाटापर्यंत सगळ्या मापांची यंत्रं मांडलेली असतात, एखाद्यात पिल्लं चिवचिवत असतात, आणि हा हिशोब छापून हातात दिला जातो.

मला तो मान्य नाही. त्यातले बरेचसे आकडे खरे आहेत, ९८ सोडून. कोंबडी अंडी थांबवते हे खरं, तिला तीन महिने लागतात हेही खरं. पण गावाकडच्या कोंबडीपालनात पिल्लं निघण्याची अडचण फारशी कधी नव्हतीच. चांगल्या खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि नऊ-दहा पिल्लं निघाली, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. अडचण पुढे आहे. त्या नऊ-दहांतली दोन महिन्यांनी किती उरतात? कुठे पाच, कुठे चार. घार नेते, मुंगूस नेतो, बोका नेतो, आणि मानमोडी आली की उरलीसुरली एका आठवड्यात जातात. जिथे गळती आहे तिथे हात न लावता वरून आणखी पाणी ओतत राहायचं, असा हा यंत्राचा उपाय आहे.

यंत्राला विरोध म्हटला की ‘निसर्गाच्या विरुद्ध’, ‘यंत्राचं पिल्लू नाजूक’ असं बोलणारेही पुढे येतात. त्यांच्या पंगतीत मला बसवू नका. नीट उबेत निघालेलं पिल्लू कोंबडीखालचं की पेटीतलं, हे चार दिवसांनी कुणालाही ओळखता येणार नाही. कृत्रिम उबवण ही काही कालपरवाची टूमही नव्हे. इजिप्तमध्ये कच्च्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्यांत शेणाच्या आणि काडीकचऱ्याच्या आचेवर हजारो अंडी उबवली जात. तिथल्या कृत्रिम उबवणीची नोंद ॲरिस्टॉटलनेही केली आहे. भट्टीवाल्यांकडे थर्मामीटर नव्हता. अंडं पापणीला टेकवून ते ऊब ओळखत. ज्याच्या नावाची तापमानाची मोजपट्टी आहे त्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या त्या भट्टीवाल्यांचा करार काय असे, तेही त्यात आहे: तीन अंडी द्या, दोन पिल्लं घेऊन जा. वर काही निघालं तर ते भट्टीवाल्याचं. ज्यांची पापणीच थर्मामीटर होती ते दोन-तृतीयांशाच्या वर शब्द द्यायला तयार नव्हते. आपला प्रदर्शनातला माणूस मात्र ९८ टक्क्यांचा देतो.

हे ९८ टक्के कशाचे, हे विचारलं पाहिजे. ठेवलेल्या सगळ्या अंड्यांचे, की फक्त फलित अंड्यांचे? थंडाव्याची सोय असलेल्या, रात्रंदिवस माणूस राबणाऱ्या मोठ्या हॅचरीतसुद्धा ठेवलेल्या अंड्यांपैकी ८०-८५ टक्के पिल्लं निघाली तर खेप चांगली गेली म्हणतात. घरी आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असेल, अंडी ताजी असतील, तरी शंभरातली पंधरा-वीस अफलित निघू शकतात. उरलेल्या ८० पैकी ८० टक्के उबली, तर पिल्लं ६४. हा चांगल्या घराचा हिशोब झाला. कोंबड्या न पाळता बाजारातून ‘गावरान’ म्हणून अंडी आणून पेटीत मांडणाऱ्याने ६४चीही आशा धरू नये. ते अंडं कोणत्या दिवशीचं, कुठे पडून होतं, हे विकणारीलाही ठाऊक नसतं. आठवड्याहून जुन्या अंड्याची उबवण घसरत जाते. त्याहून वाईट म्हणजे उन्हाळ्यात अंडं तीस-पस्तीस अंशांच्या खोलीत पडलं, तर त्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि पेटीत जाण्याआधीच मरतो. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला मोबाईलची बत्ती लावून पाहावं. जिवंत अंड्यात मध्ये एक काळा ठिपका आणि चहूबाजूंना कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. मेलेल्यात रक्ताचं नुसतं एक कडं उरलेलं असतं. बाजारच्या अंड्यांत ही कडी मोजताना विकत घेतलेल्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही, हा दोष मात्र आहेच.

आता हवेचं पाहू, कारण पत्रक छापणाऱ्याच्या लेखी महाराष्ट्राला एकच हवा आहे. ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता पहिले १८ दिवस पन्नासच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, आणि ट्रेमध्ये रोज पाणी भरा. दापोलीला जुलैत काय होतं ते बघा. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के दमटपणा. हीच हवा पेटीत ३७.५ला तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नासवर येते. म्हणजे पाण्याच्या थेंबाचीही गरज नाही. तरी पत्रकावर विश्वास ठेवून माणूस ट्रे भरतो. २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटायला हवं, तेवढी वाफ कवचातून बाहेर जायलाच हवी. ती गेली नाही तर बोथट टोकाची हवेची पोकळी लहान राहते, आणि पिल्लू पहिला श्वास घ्यायला तिथे चोच खुपसतं तेव्हा त्याला हवेऐवजी पाणी मिळतं. एकविसाव्या दिवशी फोडून पाहिलं तर आत पूर्ण वाढलेलं, भिजलेलं, मेलेलं पिल्लू. तेच यंत्र एप्रिलमध्ये सांगोल्याला न्या. दुपारी बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता वीसच्या घरात. तिथे ट्रे दिवसातून दोनदा भरला तरी कमीच. पिल्लाभोवतीचा पापुद्रा कातड्यासारखा आवळतो आणि अर्धं कवच फोडून पिल्लू जागच्या जागी अडकतं.

आणि विदर्भ? अकोला, चंद्रपूर, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चाळीसच्या वर. घरगुती यंत्रात बल्ब किंवा कॉइल असते, पंखा असतो, तापमान ठराविक अंकावर गेलं की कॉइल बंद करणारी चकती असते. थंड करणारं काही नसतं. खोलीच ४१वर गेली तर कॉइल बंद ठेवून यंत्र करणार काय? त्यात दुसऱ्या आठवड्यानंतर वाढती पिल्लं स्वतःही उष्णता सोडतात. मोठ्या हॅचरीत यासाठी गार पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. गारठ्याचा तास-दोन तासांचा खाडा अंडं बहुधा सोसतं. कोंबडीही रोज दाणापाण्याला थोडा वेळ उठतेच. पण ऊब चाळिशीपार गेली की काही तासांत खेळ संपतो. म्हणून भारनियमनापेक्षाही मला विदर्भातल्या मे महिन्याची दुपार जास्त भीतीची वाटते. कोंबडीही मेमध्ये काही जादू करत नाही. तिच्याखालीही तेव्हा उबवण घसरते, आणि अनुभवी बाया कडक उन्हाळ्यात कोंबडी बसवायचं शक्यतो टाळतात. पत्रकात मात्र बारा महिन्यांचं उत्पन्न धरलेलं असतं.

कोकणात दोन दिवस वीज नसणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. त्यावर इन्व्हर्टर हे उत्तर आहे, पण त्याची किंमत पत्रकात यंत्राच्या किमतीत धरलेली मी पाहिलेली नाही.

पिल्लं निघण्याच्या दिवसाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या हौशी माणसाची सगळी चूक त्या एका दिवसात गोळा होते. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबतं. एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू आतल्या आत पोकळीत चोच घालतं आणि कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या बारीक टोकाने कवचावर एक तारा उमटतो. आणि त्यानंतर काहीच होत नाही, बारा तास, कधी अधिकही. पिल्लू दमलेलं नसतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त परत आत ओढून घेण्याचं आणि पिवळा बलक पोटात घेण्याचं काम चाललेलं असतं. पेटीच्या काचेला नाक लावून बसलेल्या माणसाला हे कळत नाही. तो झाकण उघडतो, जमलेला दमटपणा भस्सकन बाहेर जातो, नखाने कवच सोलायला लागतो, आणि बोटाला रक्त लागतं. कोंबडी या वेळी उठत नाही, अंडी सोलत नाही. आतून येणाऱ्या आवाजाला हलकं ‘कुक कुक’ करत बसून राहते. हा तिचा मोठेपणा म्हणून सांगत नाही. यंत्राबरोबर हा संयम विकत मिळत नाही, तो शिकावा लागतो, आणि शिकेपर्यंत दोन-तीन खेपा जातात, एवढंच.

समजा हे सगळं जमलं. एकविसाव्या दिवशी ६४ पिल्लं हातात आहेत. यंत्राचं काम संपलं. ज्या तीन महिन्यांना पत्रक ‘वाया’ म्हणतं ते आता सुरू होतात, आणि ते तुमच्या अंगावर येतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. जानेवारीत पठारावर रात्री दहा अंश असताना ब्रूडरचा एक बल्ब गेला, तर सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली सापडतात, खालची गुदमरून मेलेली. चिक स्टार्टर खाद्य लागतं, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत. खाली भाताचं तूस लागतं, ते ओलं राहिलं की रक्ती हगवण. पाण्याच्या भांड्यात बुडून मरतात म्हणून त्यात खडे टाकावे लागतात. कोंबडी यातलं कोणतं काम करत नाही ते सांगा. ऊब तिच्या पंखाखाली फुकट आहे, आणि पिल्लू गार पडलं की आपणहून आत शिरतं, गरम झालं की डोकं बाहेर काढतं. उकिरडा उकरून ती किडे दाखवते, वाळवी दाखवते. घारीसाठी तिचा एक आवाज, जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी दुसरा, आणि पिल्लं पहिल्याला दबून बसतात. बाजारात या कामाला बल्ब, खाद्य, तूस आणि माणसाची रात्रपाळी असं बिल येतं. पत्रकाने हे बिल शून्य धरलं आहे, आणि कोंबडीची मजुरी तोटा म्हणून लिहिली आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. कोंबडीमागे हिंडणारी निम्मी पिल्लं मरतात, हे मीच वर लिहिलं. मग बंदिस्त ब्रूडर बरा नाही का? उत्तर असं की ती निम्मी कोंबडीमुळे मरत नाहीत. पहिले तीन-चार आठवडे दिवसाही डालग्याखाली ठेवली, संध्याकाळी खुराडं घट्ट लावलं, बारीक कण्या आणि थोडं स्टार्टर डालग्यात अशा जागी ठेवलं की पिल्लंच तिथे पोचतील, तर घार, मुंगूस आणि उपासमार ही तिन्ही कारणं पुष्कळ आटोक्यात येतात. डालगं बुरुडाकडून येतं, त्याला वीज लागत नाही. राहिली मानमोडी. तिला कोंबडीही अडवत नाही आणि यंत्रही. तिला लस अडवते: पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. उलट पेटीतल्या पिल्लांना एका दाटीत ठेवल्यामुळे एकाला झालेलं सगळ्यांना होतं, आणि मोठ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचली जाणारी मरेक्सची लस घरच्या पेटीवाल्याला सहसा मिळत नाही.

इथे यंत्राला एक गुण द्यावा लागेल. लासोटाची कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते, आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एका घरच्या नऊ पिल्लांसाठी ती कुणी फोडत नाही. एका दिवशी निघालेल्या ६४ पिल्लांसाठी फोडता येते. पण त्यासाठी यंत्रच कशाला? वाडीतल्या दहा घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या, तर तेवढीच पिल्लं तेवढ्याच दिवसांत तयार. कोंबडी दोन-चार दिवस लाकडी किंवा उकडलेल्या अंड्यावर थोपवून धरणं बायांना चांगलं येतं. कमी पडते ती लस बर्फात घालून वाडीपर्यंत आणणारी व्यक्ती. गावातल्या जनावरांच्या औषधपाण्याला मदत करणारी पशुसखी हे काम करू शकते, जिथे तिच्याकडे शीतपेटी आहे तिथे.

कोंबडीचा पैसा घरात कुणाचा, हाही प्रश्न आहे. शेळी विकली तर पैसे नवऱ्याच्या हातात जातील, कोंबडा विकला तर बहुतेक घरांत बाईच्या. पोराची वही, माहेरची वाट, अडीनडीचा दवाखाना यातून निघतो. डालगं, कोंबडी, बारा अंडी एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो, आणि शेजारणीला अर्धलीने कोंबडी देऊन वाढवता येतो. त्यात यंत्र आलं की कर्ज येतं, मीटर येतं, आणि धंदा ‘उद्योग’ होतो. मग तो कुणाच्या नावावर जातो हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नराच्या बाबतीत मात्र मी यंत्रविरोधकांशी भांडेन. ‘निम्मे नर निघतात, त्यांचं काय करायचं’ हा युरोपातला प्रश्न आहे. तिथे अंड्यांच्या जातीचा नर कुणाला नको असतो, म्हणून पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जात. जर्मनी आणि फ्रान्सने त्यावर कायद्याने बंदी आणली, जर्मनीत ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. आपल्याकडे आखाडात गावरान कोंबड्याचा भाव विचारून पाहा. जत्रेला, नवसाला, गटारीला नरच लागतो. तो तोट्याच्या बाजूला लिहिणं चूक आहे.

शेवटी त्या ‘खोडी’बद्दल. पाण्यात बुचकळून, नाकात पीस खुपसून जी मोडायची म्हणतात ती खोड म्हणजे पिढीजात गुण आहे. व्हाईट लेगहॉर्नमध्ये तो आता जवळजवळ उरलेला नाही, कारण यंत्रं आल्यावर खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांचीच अंडी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली गेली. हैदराबादची वनराजा, बंगळुरूची गिरिराज अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून पुढची पिल्लं पुन्हा हॅचरीतूनच आणावी लागतात. ज्याला तेच परवडतं त्याने खुशाल करावं. खडकी, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी उबवणी केंद्रं त्याच कामासाठी आहेत. पण गावरानही त्याच वाटेने नेलं, चांगली बसणारी कोंबडी ‘अंडी कमी देते’ म्हणून आधी रश्श्यात गेली, तर पाच-सहा वर्षांत त्या वाडीत यंत्राशिवाय पिल्लू निघायचं नाही. तेव्हा वीज गेली तर पर्याय म्हणून कुणाला बसवणार?

यंत्र कुणी घ्यावंच नये, असं माझं म्हणणं नाही. ज्याच्याकडे पन्नास-साठ पैदाशीच्या कोंबड्या आहेत, इन्व्हर्टर आहे, वर्षभराचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, त्याने घ्यावं. मधला मार्गही आहे: अंडी यंत्रात उबवा, आणि निघालेली पिल्लं एक-दोन दिवसांची असतानाच रात्रीच्या अंधारात त्याच सुमारास बसवलेल्या खुडूक कोंबडीखाली सरकवा. ती बहुधा आपलीच मानते. दोन कोंबड्या एकदम बसवून सगळी पिल्लं एकीच्या हवाली करा, दुसरी लवकर अंड्यावर येते. पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाल्यावर वेगळी केली तर पहिलीही लवकर मोकळी होते. दुप्पट अंड्यांचा हट्ट असेल तर त्याची निम्मी वाट इथेच, पेटीबाहेर सापडते.

राहता राहिलं अनुदान. कुक्कुटपालनाच्या कोणत्याही योजनेची चर्चा निघाली की पहिली मागणी यंत्राची होते, कारण यंत्र दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. पिल्लांची घोषणा आणि आकड्यांचा कागद एवढ्यावर काय होतं, ते २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडच्या कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणूक प्रकरणात शेतकऱ्यांनी भोगलं आहे. तिथेही पिल्लं भरपूर निघाली होती. वाडीवर पैसा घालायचाच असेल तर आधी डालगी आणि पक्की खुराडी द्या, पशुसखीला शीतपेटी आणि लसीचा नियमित पुरवठा द्या, खुडूक कोंबड्या राखणाऱ्या घरांची यादी करा. दोन महिन्यांनी जिवंत पिल्लं किती, एवढा एकच आकडा वर्षभर लिहून ठेवा. तो दहातले चार यावरून दहातले सात-आठ यावर आला, आणि त्यानंतर एखाद्या बचत गटाने यंत्र मागितलं, तर त्यांना जरूर द्या. सोबत इन्व्हर्टरही द्या, आणि विदर्भातला गट असेल तर ते ठेवायला मातीच्या भिंतीची खोली.